खिडकी नसलेली खोली

“हा ऐका, हा ऐका,” दादा हसू आवरत म्हणाला आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचू लागला. “‘उपम्यात कढीपत्ता नव्हता. समुद्र फार हलत होता. पुन्हा कधीही जाणार नाही. एक स्टार.’ समुद्र हलत होता म्हणे!”

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पण तीही हसतच होती. शैलावहिनी म्हणाली, “अहो, तो पोहण्याच्या तलावाचा वाचा ना,” आणि दादानं तोही वाचला. कुणा बाईंना तलावाचं पाणी खारट लागलं होतं.

“चाखून बघितलं वाटतं बाईंनी,” हर्षू पापड मोडत म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले. मीही हसले.

सांगलीच्या आमच्या घरातली ती रविवारची दुपार. आई-आप्पांच्या लग्नाला डिसेंबरात पन्नास वर्षं होणार होती आणि दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ उपेंद्र, पुण्याहून ही बातमी घेऊन आला होता. सगळ्यांनी क्रूझवर जायचं. मुंबईहून बोट निघणार, लक्षद्वीपच्या एका बेटापाशी दिवसभर थांबणार आणि परत. आई, आप्पा, दादा, वहिनी, मी आणि हर्षू. खर्च सगळा दादाचा. मी जेवता जेवता त्या बोटीचं नाव मोबाइलवर टाकलं आणि म्हटलं, “दादा, लोकांनी वाईटही बरंच लिहिलंय रे.” त्यावर त्यानं स्वतःचा मोबाइल काढला आणि ही गंमत सुरू झाली.

“वाईट रिव्ह्यू कोण लिहितं सांगू का तुला, सुमे?” तो म्हणाला. “घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही ना, ती माणसं.”

हर्षू माझी धाकटी बहीण, हर्षदा. चालायला लागायच्या वयातच तिला पोलिओ झाला. कळायला लागल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत. पुढच्या खोलीत दहावीचे गणिताचे क्लास घ्यायची, अजूनही घेते. अख्ख्या गल्लीतली मुलं तिला टरकून असतात. घर तिच्या बेतानं बदलून घेतलेलं होतं. पायरीच्या जागी उतार, न्हाणीघराचं दार रुंद. आंघोळीच्या वेळी खुर्चीतून स्टुलावर बसायला तेवढा कुणाचा तरी हात लागायचा. तो माझा असायचा. नवरा गेल्यावर मी दोन गल्ल्या सोडून एकटीच राहत होते, मुलगा बंगळूरला नोकरीला लागला होता. सकाळी आधी इथे, मग वीज मंडळाच्या ऑफिसात. असं कित्येक वर्षं चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी चहा केला आणि बेटाचे फोटो बघत बसले. समुद्र मी तोवर गणपतीपुळ्याला बघितला होता, लग्नानंतर लगेच, तेवढाच. या फोटोतलं पाणी बघून मला खरंच वाटेना. मग गंमत म्हणून पुन्हा रिव्ह्यू उघडले. कढीपत्ता सापडला. पोहण्याचा तलावही सापडला. आणि त्या दोघांच्या मध्ये आणखी एक होता, जो दादानं वाचला नव्हता.

नागपूरच्या प्रमिला डहाके नावाच्या बाईंनी लिहिलेला. पक्षाघात झालेल्या नवऱ्याला घेऊन त्या गेल्या होत्या. खोलीतल्या बाथरूमच्या दाराशी वीतभर उंच चौकट होती, खुर्ची आत जात नव्हती. बेट आलं तेव्हा सगळ्यांना छोट्या होडीत उतरवलं आणि यांना सांगितलं, खुर्चीवाल्यांना नेता येणार नाही. खोली आतल्या बाजूची, तिला खिडकीच नव्हती. शेवटचं वाक्य होतं : ‘आम्ही लक्षद्वीपला जाऊन आलो, असं लोकांना सांगतो. खरं तर आम्ही एक भिंत बघून आलो.’

माझा चहा तसाच राहिला. मी दादाला फोन लावला.

“तू मधला एक सोडलास,” मी म्हणाले.

“काय मधला?”

“नागपूरच्या बाईंचा. खुर्चीचा.”

तो जरा थांबला. अगदी जराच. मग म्हणाला, “अगं, दुसऱ्या कंपन्या पैसे देऊन असलं लिहून घेतात. तुला काय माहीत या धंद्यातलं? आणि असलाच खरा, तर तो जुना असेल. आता सोयी केल्या असतील.”

“विचारलंस का तू?”

“विचारीन. सुमे, एक गोष्ट चांगली होतेय घरात. लगेच सुतकी तोंड करू नकोस.”

फोन ठेवल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो थांबला होता. माझा भाऊ बोलण्यात कधी अडखळत नाही, आणि तो थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मी फेसबुकवर प्रमिला डहाके शोधल्या. त्या नावाच्या बऱ्याच निघाल्या. एकीच्या फोटोत शेजारी खुर्चीत बसलेले गृहस्थ होते. मी लिहिलं, ‘माझी बहीण खुर्चीत असते, आम्ही त्याच बोटीनं जाणार आहोत, तुमच्याशी बोलू का?’ ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांचाच फोन आला.

“तुमी पहिल्याच आहात विचारणाऱ्या,” त्या म्हणाल्या. “बाकी लोकं खाली लिहून गेले की मी खोटारडी आहे म्हणून.”

“म्हणूनच विचारते. राग मानू नका. हे सगळं असंच घडलं?”

“हो नं. अन् ऐका, मानसं वाईट नव्हती बरं का तिथली. दोघं पोरं यायची अन् यांना उचलून बाथरूममध्ये नेऊन ठेवायची. हसून बोलायची. पण यांना नाही नं आवडत उचललेलं. शाळेत हेडमास्तर होते हे. कोणी पोत्यासारखं उचललं की डोळे मिटून घ्यायचे. बेटाच्या दिवशी मला म्हणाले, तू जाऊन ये. मी नाही गेली. आता वाटते, जायला पायजे होतं. मी बसून राहिली म्हणून यांना काही बरं नाही वाटलं. उलट माझ्यावरच चिडले.”

“मग आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?”

“ते मी कशी सांगू? तुमच्या बहिणीलाच विचारा,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं नाही. मला वाटलं, आधी पक्की माहिती काढू, मग बघू. तिला उगाच कशाला दुखवायचं.

सांगलीतच, विश्रामबागेत ज्या एजंटाकडे दादानं बुकिंग केलं होतं, तिथे मी शनिवारी गेले. पोतदार नावाचा मनुष्य, बोलायला गोड. मी खुर्चीचं नाव काढताच म्हणाला, “होय मॅडम, ते बरोबर आहे. त्या बोटीवर ती अडचण आहे.”

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. तो इतक्या सहज कबूल होईल असं वाटलं नव्हतं.

“मग तुम्ही माझ्या भावाला सांगितलं नाहीत?”

“असं कसं? पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांना म्हटलं, दुसरी एक मोठी बोट आहे, तिच्यावर रुंद दारांच्या खोल्या आहेत, पण ती मार्चमध्ये निघते. ते म्हणाले, नको, डिसेंबरच पाहिजे, तारीख चुकवायची नाही.” त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं. “तुम्ही सुमेधा मॅडमच ना? मग तुम्हाला ठाऊक असेल की. आई-वडिलांना आणि त्यांना बाल्कनीच्या खोल्या आहेत. तुम्हा दोघींना आतली. साहेबच म्हणाले, त्या दोघी काही बाहेर पडणार नाहीत, बेटावरही उतरणार नाहीत, मग बाल्कनी कशाला वाया घालवायची?”

“कोण दोघी?”

“तुम्ही आणि ताई. तुम्ही त्यांच्याजवळ थांबणार आहात ना?”

त्यानं चहा मागवतो म्हटलं, मी नको म्हटलं. स्कूटर काढून मी थेट आई-आप्पांकडे निघाले. रिव्ह्यूंवर विश्वास ठेवायचा की नाही, याचा मी आठवडाभर काथ्याकूट करत होते. दादाचा तर त्यावर पहिल्या दिवसापासून पूर्ण विश्वास होता. त्या बाईंचा शब्द न् शब्द त्याला खरा वाटला होता. त्या हिशोबानं त्यानं खोली निवडली होती आणि त्या खोलीत मला बसवून टाकलं होतं.

दादा आणि वहिनी त्याच दिवशी आले होते. मी पोचले तेव्हा आईच्या अंगावर नवीन साडी होती, वहिनी तिच्या निऱ्या नीट करत होती. पुढच्या खोलीत हर्षूचा क्लास चालू होता, मधलं दार लोटलेलं होतं. आप्पा पेपर वाचत होते.

“पोतदारकडून येतेय मी,” मी म्हणाले.

दादानं वहिनीकडे बघितलं. तेवढ्यानं मला कळलं की तिलाही ठाऊक होतं.

“सुमे, आपण नंतर बोलू.”

“नंतर कधी? बोटीवर? तुम्ही बेटावर उतरलात की मग? मी तेव्हा त्या कोंदट खोलीत असेन ना, तिथे येऊन बोलणार आहेस?”

“काय झालं?” आप्पांनी पेपर खाली केला.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. माझा आवाज चढत गेला. आई मला हातानं ‘हळू’ म्हणत होती, मधल्या दाराकडे बोट दाखवत होती, आणि त्यानं मी जास्तच भडकले.

“हळू का? ज्यानं लपवलं त्याला सांग ना हळू!”

“मी काही लपवलं नाही,” दादा आता उभा राहिला. “मग काय करायचं होतं मी? हर्षूला घरी ठेवून जायचं? लोकांनी शेण घातलं असतं तोंडात. आप्पांना सगळी मुलं बरोबर हवी होती. मी जमेल तसं जमवलं. चार दिवसांचा प्रश्न आहे.”

“आणि मी?”

“तू काय?”

“मला विचारलंस का, त्या खोलीत बसशील का म्हणून?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं, तेच मला सहन झालं नाही. “अगं पण तू करतेसच की तिचं सगळं,” तो म्हणाला. “रोज करतेस. तिथेही तूच करणार. यात विचारायचं काय?”

“आम्ही आळीपाळीनं थांबलो असतो की,” वहिनी म्हणाली.

“खोटं बोलू नका, वहिनी! बेट एकच दिवस आहे. त्याची आळीपाळी कशी करणार होतात?”

“सुमे!” आई ओरडली. “मोठी आहे ती तुझ्यापेक्षा. आणि जाऊ दे ना गं आता. घरातल्या घरात कशाला—”

“मुलं गेली,” हर्षू म्हणाली.

मधलं दार उघडं होतं आणि ती दारात होती. हाताला खडू लागलेला.

“बोला की,” ती म्हणाली. “गल्लीनं ऐकलंय, मी ऐकलं तर काय होतंय? मुलांना मी प्रमेय सांगत होते, त्यांचे कान सगळे इकडेच. शेवटी सोडलं त्यांना.”

“हर्षू, हे बघ—” दादानं सुरुवात केली.

“दादा, तो रिव्ह्यू मी त्याच रविवारी वाचलाय. तू हसत होतास तेव्हाच मी माझ्या मोबाइलवर काढला होता. तू वरचा वाचलास, खालचा वाचलास. मला वाटलं, संध्याकाळी माझ्याजवळ येऊन सांगशील. म्हणशील, अशी अशी अडचण आहे, काय करूया. तू चहा पिऊन पुण्याला गेलास.”

दादा खाली बघायला लागला.

“बघ!” मी म्हणाले. “बघ, आणि हा—”

“तू थांब, ताई.” तिनं माझ्याकडे खुर्ची वळवली. तिच्या आवाजाला अशी धार मी क्लासमधल्या पोरांसाठीच ऐकली होती. “तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. संध्याकाळी.”

“मग? तू नागपूरच्या बाईंशी बोललीस. तू विश्रामबागेत गेलीस. रोज सकाळी तू मला आंघोळ घालतेस. माझ्याशी बोलायला तुला नागपूरवरून यावं लागतं?”

“तुला वाईट वाटेल म्हणून मी—”

“मला वाईट वाटेल म्हणून दादा गप्प, मला वाईट वाटेल म्हणून तू गप्प. आणि आता माझ्या नावानं भांडताय.”

“मी तुझ्यासाठी भांडतेय, हर्षू!”

“माझ्यासाठी?” ती म्हणाली. “नीट विचार करून सांग. माझ्यासाठी?”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सगळे बघत होते. आईच्या साडीची किमतीची चिठ्ठी अजून पदराला लोंबत होती, आणि का कोण जाणे, ती मला ओरबाडून काढावीशी वाटली.

“नाही,” मी म्हणाले. “माझ्यासाठी. मला जायचंय. मला ते बेट बघायचंय. मला त्या पाण्यात उभं राहायचंय. मला नाही बसायचं त्या खोलीत. तुझ्याबरोबरही नाही.”

आईनं “अगं बाई” म्हणून तोंडावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याचाही मला राग आला.

हर्षू मात्र खुर्चीत मागे टेकली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले.

“मग असं म्हण की,” ती म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा या घरात कुणीतरी म्हणालं, की मला असं असं हवंय. एरवी सगळं माझ्यामुळे. आईचं माहेरी जाणं राहिलं, माझ्यामुळे. दादानं पुण्याला मोठं घर घेतलं, मला आणायचं म्हणून. आणलंय का कधी? ताईनं दुसरं लग्न केलं नाही, तेही माझ्या खात्यावर. मी कधी सांगितलं होतं यातलं काही?”

“रद्द कर रे ते सगळं,” आप्पा म्हणाले. “नको मला ते पन्नास वर्षांचं काही.”

“रद्द नाही करायचं,” हर्षू म्हणाली. “केलंत तर तेही माझ्याच डोक्यावर बसेल. तुम्ही सगळ्यांनी जायचं. मी येणार नाही. कुणी विचारलं तर हर्षूला बरं नव्हतं असं सांगायचं नाही. मला चांगलं बरं आहे. बोटीला खुर्चीची सोय नाही म्हणून आली नाही, एवढंच सांगायचं. खोट त्या बोटीत आहे.”

“आणि तुझं इथे कोण बघणार?” आईनं विचारलं.

“शेजारच्या भाभी आहेत. मी त्यांना विचारते. मी स्वतः विचारते,” ती शेवटचे शब्द माझ्याकडे बघून म्हणाली.

मी डिसेंबरात गेले. ती बिनखिडकीची खोली माझ्या एकटीच्या वाट्याला आली, ती बदलून मिळाली नाही. दादा प्रवासभर माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही. जेवणाच्या टेबलावर भाजीचं भांडं तो वहिनीकडून माझ्याकडे सरकवायचा. मीही बोलले नाही. माझा राग उतरला नव्हता आणि तो उतरावा असं मला वाटतही नव्हतं.

बाथरूमच्या दाराशी ती उंच चौकट होती. रोज तिला पाय लागला की मला नागपूरच्या त्या हेडमास्तरांचे मिटलेले डोळे आठवायचे. बेट आलं तेव्हा बोटीच्या कुशीतलं एक दार उघडलं आणि खाली हलणाऱ्या होडीत आम्ही एकेक करून उतरलो. खलाशी दंड धरून उतरवत होते, तरी आप्पांचा तोल गेला. मी मुद्दाम निरखून बघत होते, हर्षूला इथून नेता आलं असतं का. आलं नसतं. त्या बाईंनी एक अक्षरही वाढवून लिहिलं नव्हतं.

मग मी पाण्यात गेले. साडी गुडघ्यापर्यंत खोचून उभी राहिले. आईनं हाका मारल्या, तरी मी वळले नाही.

आम्ही सांगलीला परतलो तेव्हा हर्षू वह्या तपासत बसली होती. दादा-वहिनी मुंबईहून थेट पुण्याला गेले होते. आईनं चप्पल काढता काढताच बोलायला सुरुवात केली, “काही म्हणजे काही विशेष नव्हतं गं. नुसतं ऊन. आणि ते बेट तरी काय, चार नारळाची झाडं. तू आली नाहीस तेच बरं झालं, कंटाळली असतीस.”

आप्पाही म्हणाले, “होय, होय. आपली कृष्णा बरी.”

हर्षूनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. आई माझ्या मागे उभी राहून माझ्या कमरेत बोट टोचत होती.

“फार सुंदर होतं,” मी म्हणाले. “इतकं सुंदर मी आयुष्यात काही बघितलं नाही.”

हर्षूचा चेहरा लाल झाला. तिनं समोरची वही उचलली आणि भिंतीवर फेकली. मग दुसरी. डोळे भरून आले होते, ओठ घट्ट मिटलेले होते. ती दुःखानं रडत नव्हती, संतापानं रडत होती, आणि ते बघणं फार कठीण होतं. आई मला म्हणाली, “मिळालं ना समाधान?” आणि आत निघून गेली.

मी वह्या उचलल्या नाहीत. तिच्या शेजारी विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

“सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.”